सरकी कुणाची?

गेल्या अंकात 7 ऑक्टोबरच्या जागतिक कापूस दिनाच्या निमित्ताने मी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांच्या कापसाबद्दल लिहिलं होतं. शेवटी सरकीचा, म्हणजे कापसाच्या बीचा, आणि पऱ्हाटीचा, म्हणजे वेचणीनंतर शेतात उरणाऱ्या झाडाच्या काड्यांचा, नुसता उल्लेख करून थांबले होते. पत्रं आली ती बहुतेक त्या शेवटच्या चार ओळींवर. त्यांतली सहा निवडली आहेत.

प्रश्न : कोकणात कापूस पिकत नाही. दूरच्या गरीब देशांतल्या सरकीचा विचार आम्ही का करायचा? आणि उपउत्पादन म्हणजे नेमकं काय?
(एक बागायतदार, राजापूर)

उत्तर : तुमच्या बागेतल्या काजूपासूनच सुरुवात करू. बी विकली जाते. बोंडू झाडाखाली कुजतात, थोडे गुरं खातात. बी कारखान्यात गेली की गर वेगळा, टरफल वेगळं. त्या टरफलाच्या तेलाचा रंग होतो, गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात ते जातं. तुम्हाला त्यातला पैसा कधी मिळाला? कोकमाचंही तसंच. माझी आजी बिया वाटून, उकळून मुठेल काढायची आणि थंडीत आमच्या टाचांना लावायची. आज त्याच बिया व्यापारी नेतो आणि त्यांचं तूप सौंदर्यप्रसाधनांत जातं. मुख्य मालाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. त्याच्याबरोबर जे जातं ते उपउत्पादन, आणि त्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत लिहिला जातो.

आता कापूस. शेतातून वेचलेल्या 100 किलो कापसातून जिनवर, म्हणजे रुई आणि बी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, साधारण 33 ते 36 किलो रुई निघते. साठ किलोंहून जास्त असते ती सरकी, बाकी कचरा आणि धूळ. म्हणजे जग ज्याला पीक म्हणतं, ज्याच्या गाठी जहाजात चढतात आणि ज्याच्यावर जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत वाटाघाटी होतात, तो वजनाने एक तृतीयांश भाग आहे. सरकीच्या अंगावर बारीक लव असते, तिला लिंटर म्हणतात. त्यापासून शुद्ध सेल्युलोज मिळतं. लवेखाली टरफल, टरफलाच्या आत गर, गरात तेल. तेल काढल्यावर उरते ती पेंड. शिवाय शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, हेक्टरी दोन ते तीन टन.

तुम्ही का विचार करायचा, याचं माझ्यापाशी एक सरळ उत्तर आहे. बेनिनचा शेतकरी कापूस लावतो आणि काजूही लावतो. त्याची कच्ची काजू-बी भारतात येत आली आहे, आपल्या कारखान्यांतही फुटत आली आहे. ती आली की इथल्या बीचा भाव पडतो, अशी तुमची तक्रार असते आणि ती खरी आहे. बेनिनच्या सरकारने 2024 पासून कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली. कोतोनू या तिथल्या मोठ्या शहराजवळ ग्लो-जिग्बेला औद्योगिक वसाहत उभी केली. तिथे काजू फोडतात आणि तिथल्याच कापसाचे कपडेही शिवतात. ज्याच्याशी तुमची स्पर्धा आहे, त्याचंही दुखणं तुमच्यासारखंच आहे. म्हणून.

प्रश्न : माझ्या गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. सरकी पेंड फार महागली आहे. आफ्रिकेत एवढी सरकी असेल तर तिथली पेंड स्वस्तात आणता येणार नाही का? आणि पावसाळ्यात पेंडीला बुरशी धरते, ती वाळवून घातली तर चालेल का?
(दूध व्यवसाय करणाऱ्या ताई, चिपळूण)

उत्तर : ताई, दुसरं आधी सांगते, कारण ते तातडीचं आहे. बुरशी धरलेली पेंड घालू नका. वाळवून नाही, भिजवून नाही, थोडी थोडी मिसळूनही नाही. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते गुराच्या यकृतावर जातं आणि दुधातही उतरतं. दूध उकळून ते जात नाही. तुमचं दूध कुणाच्या तरी लहान मुलाच्या पेल्यात जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पोत्यात पेंड टिकणंच कठीण. पावसाळ्यात पंधरा दिवसांचीच आणा. पोतं जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून नको, फळ्यांवर ठेवा. पडवीपेक्षा चुलीजवळची कोरडी जागा बरी. आणि लहान वासरांना सरकी पेंड देऊच नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट ते निभावून नेतं. वासराचं, कोंबडीचं, डुकराचं पोट नेत नाही.

आता आयातीचं. मी विदर्भात खामगावला एका तेलगिरणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. तुम्ही पेंड म्हणता, तिला तिकडे ढेप म्हणतात. अकोल्याच्या ढेपेवर वायदेबाजारात सौदे होतात, इतकी ती मोलाची. पण ढेप जड असते, जागा खाते, ओलावा धरते. माली, बुर्किना फासो, चाड, युगांडा, झांबिया या देशांना समुद्रच नाही. चाडचा माल कॅमेरूनच्या डुआला बंदरापर्यंत येणार, तिथून जहाजात, मग मुंबईला, मग तुमच्या गोठ्यात. वाटेतल्या भाड्यातच तिची किंमत संपेल.

आणि ती त्यांच्या गुरांना हवी आहे. टांझानियातल्या शिन्यांगा भागात सुकुमा लोक राहतात, कापूस आणि गुरं दोन्ही सांभाळणारे. तिथली पेंड शेजारच्या केनियातल्या दूधवाल्यांकडेही जाते. हा मला खरा व्यापार वाटतो. ट्रकने एका रात्रीत पोचेल इतक्या अंतरावरचा आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी केलेला.

प्रश्न : तंत्र इतकं साधं असेल तर ते देश स्वतः का करत नाहीत? दर वेळी बाहेरून कुणी तरी शिकवायला का जावं लागतं?
(शिक्षिका, देवगड)

उत्तर : बाई, तुमच्या प्रश्नामागे जी शंका आहे ती अनेकांच्या मनात असते, की तिथल्या लोकांना माहीत नसेल. तसं नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिनबाहेर सरकीचे ढीग सडत आणि ते नदीत लोटत. पेरणीपुरती ठेवली की बाकीची अडगळ. पुढे तेलगिरण्या आल्या, रेल्वे आली, वास घालवण्याची रीत सापडली आणि 1911 साली सरकीच्या तेलाचं घट्ट केलेलं तूप डब्यांतून घरोघरी विकायला आलं. नदीत लोटलेला माल स्वयंपाकघरात पोचायला त्यांनाही दोन पिढ्या लागल्या.

आमच्या गिरणीत एकदा टांझानियाहून पाहुणे आले होते, जिनवाले आणि शेतकरी संघटनेचे लोक. त्यांत शिन्यांगाकडच्या एक बाई होत्या. तेल गाळताना सगळे बघत होते. त्या मात्र बाहेर ढेपेच्या ढिगापाशी थांबल्या. मूठभर घेतली, वास घेतला, तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाल्या, "मशुदू". स्वाहिलीत पेंडीला हाच शब्द आहे. मग त्यांनी मला विचारलं, इथे कापूस विकल्यावर सरकीचे पैसे शेतकऱ्याला वेगळे मिळतात का? मी नाही म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं, मग सरकी महागली तर त्याला कसं कळतं?

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा अर्धवट दिलं होतं. आज नीट देते. आपल्या विदर्भात कापूस घेणारे अनेक असतात. सरकी तेजीत आली की जिनवाला त्याच हिशेबाने कापसाला चार पैसे जास्त देतो, कारण त्याने नाही दिले तर शेजारचा देईल. पूर्ण न्याय होत नाही, पण काही तरी झिरपतं. बुर्किना फासोत 2004 पासून तीन कंपन्यांना तीन विभाग वाटून दिलेले आहेत. मालीत एकच मोठी कंपनी आहे. शेतकऱ्याला बी, खत उधारीवर तीच देते, कापूस तीच घेते, भाव हंगामाआधी ठरतो. या पद्धतीत उधारी मिळते आणि विक्रीची खात्री असते, हे खरं आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण कापूस दिला त्या क्षणी सरकी शेतकऱ्याच्या हातून जाते. पुढे तेलगिरणीने तिचं सोनं केलं तरी ते कुणाचं, हा प्रश्न ठरलेल्या भावाच्या सूत्रात सरकीचा वाटा लिहिलेला आहे की नाही, यावर अवलंबून राहतो.

दुसरी अडचण भांडवलाची. जिन चालतात चारपाच महिने. तेलगिरणीला वर्षभराची सरकी त्याच दिवसांत विकत घेऊन साठवावी लागते. कारखानदार मार्च ते मे काजू-बी भरून ठेवतात, तसंच. त्यासाठी बँक हवी, कोरडं गोदाम हवं. ओली सरकी आली की ढीग आतून तापतो. मी कोपरापर्यंत हात घालून पाहायची. चटका बसला की कळायचं, या ढिगातल्या तेलाची आम्लता वाढलेली निघणार आणि शुद्धीकरणात घट येणार. त्यात वीज महाग आणि खंडित, सुटा भाग बिघडला तर परदेशातून येणार, आणि बाजारात बोटीतून आलेलं पामतेल स्वस्त. मालीतल्या कुलिकोरोला सरकीतेलाचा मोठा कारखाना होता. 2005 साली तो खासगी हातात गेला आणि पुढे बंद पडत गेला. यंत्रं चालवणारी माणसं तिथे होती, तेल काढता येत होतं.

शिकवण्याचं काम वाया जातं असं मात्र म्हणणार नाही. माटुंग्याची सिरकॉट ही आपली कापूस तंत्रज्ञानाची संस्था 1924 पासूनची. तिने आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने मिळून टांझानिया, युगांडा, झांबिया आणि झिम्बाब्वे या चार देशांत नेमकं हेच काम केलं : कापसाची उपउत्पादनं आणि त्यांचे हिशेब. नागपूरला घडवलेली डबल रोलर जिन यंत्रं पूर्व आफ्रिकेत चालतात. ही मदत बरोबरीच्या माणसाने केलेली असते. आपलीही शेतं लहान, वीज जाणारी, रस्ते कच्चे. त्यामुळे आपलं यंत्र तिथे शोभतं.

व्यापाराच्या करारांचं थोडक्यात. 2003 साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस-अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. 2015 च्या नैरोबी परिषदेत अतिगरीब देशांच्या कापसाला आणि कापसाशी संबंधित ठरावीक मालाला जकातमुक्त प्रवेश देण्याचं ठरलं. भारताने अतिगरीब देशांसाठी जकात सवलतीची योजना 2008 सालीच सुरू केली होती. दार उघडलं हे चांगलं झालं. पण दारापर्यंत माल आणायला गोदाम, वीज आणि रस्ता लागतो. जकात माफ केल्याने कुलिकोरोची चिमणी पेटत नाही. माझ्या मते पैसा आधी तिथे लागायला हवा. आणि मदत देणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत त्या शिन्यांगाच्या बाईंचा प्रश्न विचारायला हवा.

प्रश्न : सरकीचं तेल विषारी असतं का?
(गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर : शुद्ध केलेलं तेल विषारी नसतं. गाळून नुसतं काढलेलं तेल काळपट तांबडं, कडवट असतं. त्यात वर सांगितलेलं गॉसिपॉल असतं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतलं की ते साबणाच्या गाळाबरोबर खाली बसतं. हा गाळही फेकत नाहीत, साबणवाले नेतात. मग मातीतून गाळून रंग काढतात आणि वाफेने वास. तेव्हा ते पिवळसर, स्वच्छ होतं. फरसाणात तुम्ही ते नकळत खाल्लेलं असण्याची शक्यता बरीच आहे. धोका आहे तो शुद्धीकरणाची पायरी वगळून विकलेल्या तेलाचा. गरीब देशांत लहान घाण्या काढताना म्हणूनच फक्त घाणी देऊन भागत नाही, धुण्याची छोटी टाकी आणि ते काम जाणणारा एक माणूसही द्यावा लागतो. टेक्सासच्या विद्यापीठात कीर्ती राठोड या शास्त्रज्ञांनी बियांतलं गॉसिपॉल अगदी कमी केलेला कापूस तयार केला आणि 2018 साली अमेरिकेत त्याच्या लागवडीला मोकळीक मिळाली. त्या सरकीतली प्रथिनं माणसालाही खाता येतात. गरीब देशांच्या शेतांत तो जाईल तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहीन.

प्रश्न : मी कृषी पदविकेचा विद्यार्थी आहे. तिथल्या एखाद्या लहान शेतकऱ्याने फक्त एक गोष्ट सुरू करायची ठरवली तर कोणती करावी?
(विद्यार्थी, कुडाळ)

उत्तर : पऱ्हाटी. कारण सरकी त्याची राहत नाही, पऱ्हाटी राहते.

तू विचारलंस म्हणून तुला अडचणींसकट सांगते. आफ्रिकेतल्या अनेक कापूस देशांत वेचणी झाल्यावर ठरलेल्या तारखेआधी पऱ्हाटी उपटून नष्ट करावी लागते, झिम्बाब्वेत तर तसा कायदाच आहे. कारण गुलाबी बोंडअळी. झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत ती पुढच्या हंगामापर्यंत दडून बसते. म्हणून शेतकरी पऱ्हाटी जाळतो. त्याला अडाणी म्हणू नये, तो आपलं पुढचं पीक वाचवत असतो. काही घरी चुलीला नेतो, पण अंगणात रचलेल्या पऱ्हाटीबरोबर अळीही घरी येते.

तेव्हा उपाय असा हवा, की तारखेच्या आत पऱ्हाटी बारीक व्हावी. शेताच्या बांधावर चिपर आणून तुकडे केले की अळीचं घर मोडतं आणि आकारमानही उतरतं. अख्खी पऱ्हाटी ट्रकमध्ये भरलीस तर ट्रक दिसायला भरतो आणि वजन नगण्य येतं. चिपरची किंमत एका शेतकऱ्याला झेपत नाही. गावाचा मिळून एक घ्यावा लागतो, आपल्याकडे भातझोडणीचं यंत्र पाळीपाळीने फिरतं तसा.

तुकड्यांचं पुढे काय? सर्वांत कमी भांडवलात होते ती धिंगरी अळंबी. तू इथे भाताच्या पेंढ्यावर ती होताना पाहिली असशील. पेंढा भिजवून, वाफवून, पिशवीत थर देऊन बी पेरायचं. पऱ्हाटीच्या तुकड्यांवर आणि सरकीच्या टरफलांवरही ती चांगली येते. एक अंधारी, ओलसर खोली पुरते. घरातली बाई ते काम करू शकते आणि पैसा तिच्या हातात येतो. अळंबी निघाल्यावर उरलेला भुसा खत होतो. पण अळंबी दोन दिवसांत विकली गेली पाहिजे, नाही तर वाळवावी लागते. म्हणून पिशव्या भरण्याआधी जवळच्या गावात किती खपते ते विचारून यायचं. अळंबीचं बी सुद्धा ताजं लागतं आणि ते दरवेळी राजधानीतून आणावं लागत असेल तर धंदा चालणार नाही.

त्याच्या पुढची पायरी ब्रिकेटची, म्हणजे दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या. विटभट्ट्या, चहाचे कारखाने, शाळांची स्वयंपाकघरं त्या घेतात. जिथे लाकूडफाट्यासाठी डोंगर उघडे पडताहेत तिथे याचं मोल पैशात मोजता येणार नाही. तिसरी पायरी फळ्यांची. पऱ्हाटीपासून दाबफळी करण्याची रीत सिरकॉटने नागपूरला नमुना कारखाना उभारून दाखवली आहे. पण त्याला राळ लागते, प्रेस लागतो, बारमाही वीज लागते. पहिल्या दिवशी कुणी फळीचा कारखाना सुचवला तर तू त्याला आधी विचार, चिपर किती आहेत?

प्रश्न : मी लालबागच्या एका मिलमध्ये ब्लो रूमला, म्हणजे गाठी फोडून कापूस साफ करण्याच्या खात्यात, होतो. आमच्याकडे 'युगांडा' लिहिलेल्या गाठी यायच्या, लांब धाग्याच्या, हाताला रेशमासारख्या. तो कापूस पुढे कुठे गेला?
(निवृत्त गिरणी कामगार, सावंतवाडी)

उत्तर : काका, माझे वडीलही ब्लो रूमलाच होते, परळला. सुट्टीत मी खोलीवर गेले की भुवयांवर कापूस घेऊन दारात उभे असायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्या शिमग्याला ते गावी आले ते कायमचेच. मी तेल आणि सरकीच्या धंद्यात गेले याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. "मी रुई बघितली, तू बी बघ," म्हणायचे.

तुमच्या आठवणीतला कापूस खरा आहे. पूर्व आफ्रिकेचा लांब धाग्याचा कापूस मुंबईच्या मिल आवडीने घेत. तिथले बरेचसे जिनही एकेकाळी भारतीय व्यापाऱ्यांचे होते. 1970 च्या सुमारास युगांडात साडेचार लाखांहून जास्त गाठी होत होत्या. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं आणि त्या दशकात कारभार, वाहतूक, जिन सगळंच विस्कटलं. शेतकऱ्यांना कापसाचे पैसे वेळेवर मिळेनात, ते दुसऱ्या पिकांकडे वळले. नंतर कापूस पुन्हा उभा राहिला, पण तेवढा नाही. आजही लिरा, गुलू, कासेसे या भागांत तो पिकतो.

तुम्ही लिहिलं आहे की त्या गाठींमध्ये कधी कधी अख्खी सरकी सापडायची आणि तुम्ही ती खिशात ठेवायचात. गावी नेऊन परसात पेरली होती, असंही लिहिलं आहे. ती उगवली का, बोंडं धरली का, ते कळवाल? आपल्या पावसात ती टिकली असेल असं मला वाटत नाही, पण टिकली असेल तर मला ऐकायचं आहे. पुढच्या अंकासाठीची पत्रं महिनाअखेरपर्यंत येऊ द्या.